खाडीकाठी कानबाईचे रोट

आमच्या घरात वर्षाला एकच नारळ यायचा, आणि तो खायचा नसायचा.

शिंदखेडा तालुक्यात बुराई नदीच्या काठी आमचं गाव. नदी म्हणायची ती पावसाळ्यापुरती, बाकी वर्षभर वाळू. नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी. वडील सावद्याकडे केळीच्या कापणीला जायचे, घड खांद्यावर वाहून ट्रक भरायचे आणि पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचे. आई गावातच लोकांच्या शेतात कापूस वेचायची. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. मी नववीत असताना वडील ट्रकवर घड रचताना पाय घसरून पडले आणि गेले. याच्यावर मी फार बोलत नाही, कारण आईही बोलत नाही. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी ती ओटी बांधून कापसाला गेली होती.

तो एक नारळ कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळालाच डोळे, नाक, नथ लावायची, चौरंगावर बसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी नदीवर न्यायची. आमच्या घरची रीत अशी की गेल्या वर्षीचा नारळ नदीत सोडायचा आणि नवा वर्षभर देव्हाऱ्यात ठेवायचा. लहानपणी मी एकदा तो हातात घेऊन कानाशी हलवून पाहिला होता. आतलं पाणी वाजतं का ते बघत होते. आईने हातातून काढून घेतला. म्हणाली, "तो खावाना नई, पूजाना शे." बाकी नारळाची चव मला शाळेतल्या सत्यनारायणाच्या प्रसादापुरती माहीत.

आणि रोट. कानबाईला रोटांचा नैवेद्य लागतो. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तो धुतलेल्या चक्कीवर दळून आणायचा आणि त्याचे जाड रोट भाजायचे. हे रोट फक्त भाऊकीने, म्हणजे एका रक्ताच्या माणसांनी खायचे. बाहेरच्याला एक घासही द्यायचा नाही. आणि श्रावणातल्या पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत सगळे संपवायचे. संपले नाहीत तर जमिनीत पुरायचे.

आमच्या घराण्यात अकरा मुठी होत्या. वडील, त्यांचे चार भाऊ, त्या भावांची मुलं. वडील सोडून एकेक करून सगळे सुरतला साड्यांच्या कारखान्यात गेले. आधी कानबाईला यायचे, मग आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, यायला लागले, मग लग्नाकार्याला, मग फोनवर. वडील गेल्यावर घरात उरलो आम्ही दोघी. पण आईने एक मूठ कमी केली नाही. वडिलांचीसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, अगं, खाणार कोण एवढं? तर म्हणाली, "गयात म्हंजे मरी नई गयात." जे खरंच मेले होते त्यांच्याबद्दल काही बोलली नाही.

मग आम्ही दोघी पौर्णिमेपर्यंत रोट खात राहायचो. सकाळी चहात, दुपारी मिरचीच्या ठेच्याशी, संध्याकाळी वरणात कुस्करून. तिसऱ्या दिवसापासून ते दाताला लागायचे. तरी चार-पाच उरायचेच. ते आई उजाडायच्या आत नदीकाठी नेऊन पुरून यायची, कोणी बघू नये म्हणून. रोट पुरावे लागणं म्हणजे आपल्या घरात माणसं कमी पडली हे गावासमोर कबूल करणं. परत येऊन ती हात धुवायची आणि भाकरी थापायला बसायची.

मी धुळ्याला कॉलेज केलं. सकाळी सहाची एसटी, पास काढलेला, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. भूगोल घेऊन बी. ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पदवीधर नाही, ना पुरुषांत ना बायकांत, आणि हे सांगताना मी लाजत नाही. त्या श्रावणात आई गहू मोजत होती. अकरा मुठी झाल्यावर तिने आणखी एक घेतली, वर पाव मूठ घातली. मुलीची मूठ आमच्यात घेत नाहीत. मी बघत होते. ती मान वर न करता म्हणाली, "तुनी बी लिधी. कोनले सांगू नको."

मी आत्ता पहिल्यांदा सांगतेय.

पुढे डाकसेवकांची भरती निघाली आणि मला रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात शाखा डाकघर मिळालं. निवड दहावीच्या टक्क्यांवर होती. गावात एका नानांनी विचारलंच, "दहावीवर लागायचं होतं तर बी. ए. कसाले कयं?" म्हटलं, नाना, माझ्यासाठी केलं.

डाकघर म्हणजे एका कौलारू घराची पडवी. एका टोकाला माझं टेबल, शिक्के आणि पत्र्याची पेटी. दुसऱ्या टोकाला राहायची खोली. घर एका विधवा बाईंचं. साठीच्या पुढच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांना मी काकी म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अंगणाच्या कडेला उभं केलं आणि हाताने सगळं दाखवलं. खाली खाडी, पलीकडे सुरूचं बन, त्याच्या मागे समुद्राची रेघ, वर लाल कातळ. एखादी बाई माहेरचे दागिने दाखवते तसं दाखवलं.

"असा मुलूख बघितला होतास कधी?"

"नाही."

"बघणार कुठून? तुमच्याकडे समुद्र नाय, आंबा नाय, पाऊस नाय. तुमच्या जिल्ह्याच्या नावातच धूळ."

मी म्हटलं, आमच्याकडे केळी आहेत. तुमच्या परसातल्यासारखी चार झाडं नाहीत, ट्रकच्या ट्रक भरतात, दिल्लीपर्यंत जातात. काकी म्हणाल्या, "केळी काय, केळी कुठेही होतात." तिथे विषय संपला.

गाव सुंदर आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कबूल करायला दोन वर्षं लागली. सकाळी पत्रं वाटायला निघाले की साकवावरून ओढा ओलांडायचा, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, दगडी गडग्यांवर शेवाळ. भाद्रपदात कातळावर जांभळी फुलं येतात, जिथवर नजर जाईल तिथवर. आमच्याकडे एवढं फुललं असतं तर जत्रा भरली असती. इथे ती बघायला मी एकटीच. कारण वाटेवरच्या घरांपैकी निम्म्यांना कुलपं. माणसं मुंबईला, घरं गणपतीत उघडणार. मी पत्राची हाक द्यायचे आणि आतून कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. मग पत्रावर 'घर बंद' असं लिहून परत आणायचे. आमची माणसं सुरतला गेली तशी यांची मुंबईला गेली, एवढाच फरक. पण हे मी काकींना म्हटलं नाही. त्यांचीही दोन मुलं मुंबईलाच.

डाकघरात रोज नेमाने येणारा माणूस एकच. सत्तरीचे एक तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, आता समुद्रावर न जाणारे. ते पत्रासाठी येत नसत. बाकावर बसायचे आणि माझी चेष्टा करायचे.

"काय पोस्टीनबाय, बदली झाली की नाय?"

"नाही काका."

"होईल. घाटावरची माणसं भरतीबरोबर येतात नि ओहोटीबरोबर जातात."

संध्याकाळी दार लावून घेतलं की कौलांवरचा पाऊस आणि मी. आईला फोन लावायचे. ती विचारायची, जेवलीस का. मी विचारायचे, जेवलीस का. बाकी दोघींच्या घरात काही घडलेलं नसायचं.

खरी पंचाईत श्रावणाची. आमच्या नोकरीत रजा घ्यायची तर बदली माणूस आपणच शोधून द्यायचा असतो, आणि कानबाई येते नेमकी राखीपौर्णिमेच्या तोंडावर. तेव्हा डाकघरात राख्यांच्या पाकिटांचा ढीग असतो. त्या दिवसांत माझ्या खुर्चीवर बसायला कोण येणार? पहिली दोन वर्षं मी कानबाईला घरी गेलेच नाही. पौर्णिमेच्या संध्याकाळी फोन केला, रोट संपले का? दोन्ही वर्षी आई म्हणाली, "सरनात." म्हणजे संपले. बारा मुठींचे रोट एकटीने. मी खोटं ऐकलं आणि बरं म्हटलं.

तिसऱ्या वर्षी, कानबाईनंतरच्या मंगळवारी दुपारी, मी पाकिटांवर शिक्के मारत असताना एसटी थांब्यावरून कोणाचा तरी निरोप आला, तुमच्याकडे पाहुणी आलीये. जाऊन बघते तर आई. नऊवारीचा ओचा चिखलाने लाल, डोक्यावर पिशवी, कडेवर मूल घ्यावं तसा स्टीलचा डबा. सोमवारी कानबाई नदीत पोहोचवून ती तशीच शिंदखेड्याहून धुळ्याला, तिथून रात्रभर बस, मग आणखी दोन बस बदलत आली होती. वाचता येत नाही तिला. प्रत्येक थांब्यावर माझ्या गावाचं नाव माणसांना विचारत आली.

"न सांगता?"

"तू नको म्हनती." मग डबा पुढे केला. "बारा शेतस. शनवारले पुनी शे."

शनिवारी पौर्णिमा. चार दिवस, दोन माणसं, बारा रोट. मला हिशेब कळला. यंदा तिला पुरायचे नव्हते.

थांब्यापासून घरापर्यंतच्या पाखाडीवर, त्या दगडी पायवाटेवर, एक नारळ पडलेला होता. आई वाकली, उचलला, कपाळाला लावला आणि गडग्याला टेकून उभा ठेवला, डोळे वर करून. चार पावलांवर दुसरा. तोही तसाच. तिसऱ्याला मी म्हटलं, आई, चल. ती म्हणाली, "पायखाल येई ना, माय." आयुष्यभर वर्षाला एकच नारळ बघितलेली बाई. तिने मान वर करून माडांच्या रांगेकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर नीट घेतला, देवळात शिरल्यासारखा.

काकी पायरीवरून बघत होत्या. "अहो ताई, असे उचलत बसलात तर शिमगा उजाडेल. आमच्याकडे रोज पडतात." आवाजात चेष्टा होती, आणि अभिमानही.

त्या संध्याकाळी काकींनी ताट केलं. घावने, नारळाचा गोड रस, नारळ वाटून केलेली काळ्या वाटाण्याची उसळ. माझी आई आली म्हणून, आणि कोकण काय आहे ते तिला दाखवायचं म्हणून. आई ताटासमोर बसली, नमस्कार केला आणि हात मागे घेतला. कानबाई गेल्यापासून पौर्णिमेपर्यंत आमच्या घरात नारळ खात नाहीत. मी हे काकींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." पण ताट उचलताना भांडी वाजली.

इथे माझं चुकलं. ताण कमी व्हावा म्हणून मी उठले, डबा उघडला आणि एक रोट काकींपुढे धरला. आमच्याकडचं बघा खाऊन, असं काहीतरी म्हणाले. आईने माझं मनगट धरलं. काकींच्या देखत.

"रोट भाऊकीना शे."

एवढं वाक्य काकींना भाषांतर न करता कळलं. "राहू दे गो," त्या म्हणाल्या. "आमचं तुम्हाला चालत नाय, तुमचं आम्हाला देत नाय. आम्ही तुझं भाडं घेतो, तेवढंच नातं." आणि आत गेल्या.

दोन वर्षांत त्या गावात मला जेवलीस का असं विचारणारं एकच माणूस होतं. ते मी घालवलं. आईवर चिडावं तर तिची दाराशी काढलेली चप्पल अजून प्रवासाने ओली होती.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे गेले की पडवीतून काकींच्या घरात जाणारं मधलं दार बंद. सकाळी काकी माझ्यासाठी पायरीवर अबोली ठेवायच्या, ती नव्हती. तांडेल बाकावर आले, हवा बघून लवकर उठले. मी शिक्के मारायचे, आई माझ्यामागे जमिनीवर बसून पाकिटं हाताने चाचपायची. कागदाआड राखीची गाठ लागली की म्हणायची, "हाई एक बहीन." दर दोन तासांनी ती माझ्या हातात रोटाचा तुकडा द्यायची. पावसाळी हवेने रोट कडक व्हायचे सोडून चिवट झाले होते. माझे जबडे दुखत होते, तिचेही. तरी दोघी चावत राहिलो. शुक्रवारी संध्याकाळी डबा उघडला तर चार होते.

"पुराना तर आठे कोठे पुरू?" तिने विचारलं. अंगणातली लाल माती बघत होती.

शनिवारी दुपारी डाकघर बंद करून मी तिला खाडीच्या तोंडाशी नेलं. नारळी पौर्णिमा होती, सगळं गाव निघालं होतं. माडाच्या झापांनी शाकारलेल्या होड्या किनाऱ्यावर, बायकांच्या डोक्यात गजरे, ढोल. आम्ही दोघी सगळ्यांच्या मागे. आईने समुद्र पहिल्यांदा पाहिला. तिने माझा दंड घट्ट धरला.

तांडेल गुडघाभर पाण्यात गेले. हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. त्यांनी तो कपाळाला लावला, आमची आई लावते तसाच, आणि दोन्ही हातांनी हळूच लाटेवर ठेवला. फेकला नाही. बायकांनी हात जोडले. नारळ दोनदा किनाऱ्याकडे आला, मग ओढीला लागून गेला.

आईने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आपली तापी कोठे जास?"

"सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते."

"आन् आपली नदी?"

"बुराई? ती तापीत जाते."

"तो समुद्र आन् हाऊ, एकच शे का?"

"एकच. तो वरचा किनारा, हा खालचा."

तीन वर्षं भूगोल शिकले, पण कोणी मला इतक्या गांभीर्याने भूगोल विचारला नव्हता. तिच्या मनात काय जुळत होतं ते मला दिसत होतं. वर्षावर्षाला वाळूतल्या पाण्यात सोडलेले नारळ. शेवटी म्हणाली, "मंग आपला नारळ बी आठेच येत व्हई."

परत येताना ती माझ्यापुढे चालत होती. सरळ काकींच्या पायरीशी जाऊन उभी राहिली, डबा घेऊन. काकी आमच्याआधी परतलेल्या तांडेलांना चहा देत होत्या. आई बोलली ती आपल्या भाषेत, मी मागून मराठीत सांगत गेले. ती म्हणाली, आमची कानबाई दरसाल पाण्यातून तुमच्या दाराशी येते, तुम्ही तिला हात जोडता, मग तुम्ही परके कसे? आणि पुढचं वाक्य मला सांगावं लागलं नाही. "सुरतवाला येतस नई. तुम्ही तरी खा."

काकींनी पदराला हात पुसले. "आता उरलं म्हणून आमची आठवण झाली होय?"

आईला ते कळलं. "हां," ती म्हणाली, "उरनं म्हनीसन."

काकी तिच्याकडे बघून हसल्या. तांडेल म्हणाले, "माणूस खरं बोलणारं दिसतंय. दे गो इकडे." त्यांनी तुकडा दाताखाली धरून पाहिला, मग चहात बुडवला आणि बराच वेळ बुडवूनच ठेवला. "पोस्टीनबाय, हे खाऊन तुम्ही लोक एवढे कडक काय?" काकी म्हणाल्या, चामडं आहे नुसतं, आणि दुसरा तुकडा घेतला. आई एकेक रोट मोडून चौघांत वाटत होती, काटेकोर, भाऊकीत वाटतात तशी. तांडेलांनी आणखी मागितला तेव्हा तिने आपला तुकडा दिला.

उजेड गेला तसा डोंगरामागून चंद्र आला. मग काकींनी आतून नारळीभात आणला, आणि माझ्या आईने पायरीवर बसून वयाच्या बावन्नाव्या वर्षी पोटभर नारळ खाल्ला. काकींनी विचारलं, कसा हाय आमचा मुलूख? आई म्हणाली, "चांगला शे. पानी जास्त शे." काकींनी ते पुढे आठवडाभर लोकांना सांगितलं.

सोमवारी ती गेली. तिथे तिचं घर, तिची कानबाई, आणि देव्हाऱ्यातला नवा नारळ एकटा होता. एसटी वळणावर दिसेनाशी झाली, मी पाखाडी चढून पडवीत आले, दार उघडलं आणि शिक्क्याची तारीख बदलली. बाकावर कोणी नव्हतं. कोपऱ्यात आईने घासून पालथा ठेवलेला डबा होता.

त्या वर्षी बाराही मुठींचे रोट पौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत संपले. पुरायला काही उरलं नाही.